मणक्यातला ‘गॅप’ आणि मधल्या मध्ये गेलेली सात वर्षं

‘मणक्यात गॅप आहे.’ कंबर धरून दवाखान्यात गेलेल्या माणसाला हे वाक्य एकदा तरी ऐकायला मिळतंच. गॅप वाढलाय की कमी झालाय, कुठल्या दोन मणक्यांमधला, आणि दुखणं त्याच्यामुळेच आहे हे कशावरून, यातलं काही सहसा सांगितलं जात नाही आणि कुणी विचारतही नाही. साठीतल्या माणसाच्या बाबतीत हे खपून जातं. चोविशीतल्या पोराच्या बाबतीत खपू नये. त्या वयात तीन महिन्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी झिजेची नसून सुजेची असू शकते. झिजेच्या दुखण्याला पडून राहिलं की बरं वाटतं, सुजेच्या दुखण्याला पडून राहणं सोसत नाही. आणि सल्ला मात्र दोघांनाही एकच मिळतो: पट्टा लावा, वजन उचलू नका, आराम करा.

या सुजेच्या आजाराचं जुनं नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. हल्ली संधिवाततज्ज्ञ त्याला अक्षीय (म्हणजे कण्याच्या) स्पाँडिलोआर्थ्रायटिस या मोठ्या गटात धरतात. एक्स-रेवर बदल दिसत असतील तर अँकिलोझिंग, दिसत नसतील तर ‘नॉन-रेडिओग्राफिक’. नावाचा घोळ इथूनच सुरू होतो. आपल्याकडे मानेला पट्टा लावलेला प्रत्येक जण ‘मला स्पाँडिलायटिस आहे’ म्हणतो. त्याला बहुतेक वेळा असतो तो स्पाँडिलोसिस, म्हणजे वयोमानाची झीज. त्यामुळे खरोखर स्पाँडिलायटिस झालेल्या मुलाने आजाराचं नाव सांगितलं, तरी शेजारचे काका म्हणतात, ‘अरे, मलाही आहे. उशी काढून टाक, जाईल.’

आजार सुरू होतो तो सहसा एसआय सांध्यांत. कमरेखाली, नितंबांच्या वर दोन बाजूंना खळ्या दिसतात, साधारण त्या जागी आतमध्ये त्रिकास्थी, म्हणजे कण्याचं तळाचं हाड, आणि कटीचं हाड जोडणारे हे दोन सांधे असतात. सुरुवात बहुधा विशीत-तिशीत होते, पंचेचाळिशीनंतर क्वचित. जगभरच्या अभ्यासांची सरासरी पाहिली तर पहिल्या लक्षणापासून नाव कळेपर्यंत सहा ते सात वर्षं जातात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासातही हा आकडा सातच्या जवळच होता, आणि त्या रुग्णांवर आधी मारलेल्या शिक्क्यांमध्ये साधी कंबरदुखी, चकतीची झीज, आमवात आणि चक्क मणक्याचा क्षयही होता. एवढी वर्षं जायला हा आजार फार गूढ आहे असं नाही. पाच-सात ठरावीक ठिकाणी ठरावीक चुका होतात, आणि प्रत्येक चूक वर्ष-दीड वर्ष खाते.

पहिली चूक विचारण्यातली. ‘कुठे दुखतं?’ हा प्रश्न सगळे विचारतात, ‘कधी दुखतं?’ हा फार थोडे. सुजेची कंबरदुखी हळूहळू येते, अमुक दिवशी अमुक उचललं असं सांगता येत नाही. रात्रीच्या उत्तरार्धात, तीन-चारच्या सुमारास जाग येते, कूस बदलायला त्रास होतो, उठून चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. सकाळी अर्धा तास, काहींना दोन तास, अंग लाकडासारखं ताठ असतं. गरम पाण्याची अंघोळ झाली, हालचाल झाली की सैल होतं. दिवसभर काम करणारा माणूस संध्याकाळी ठीक असतो आणि रविवारी लोळत पडला की सोमवारी वाईट अवस्थेत उठतो. दुखणं कधी डाव्या नितंबात, कधी उजव्या, आलटून पालटून. याला सायटिका समजलं जातं. पण सायटिकाची कळ बहुधा एका पायात गुडघ्याखाली उतरते, मुंग्या येतात. एसआय सांध्याचं दुखणं सहसा मांडीच्या मागे, गुडघ्याच्या वरच थांबतं.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१७ मध्ये दिलेली चाळणी मला सगळ्यात कामाची वाटते, कारण ती यंत्राशिवाय, नुसत्या प्रश्नांवर चालते. कंबरदुखी ४५ च्या आधी सुरू झाली आणि ३ महिन्यांपेक्षा जास्त टिकली असेल, तर नऊ गोष्टी बघायच्या: सुरुवात ३५ च्या आधी झाली का, रात्रीच्या उत्तरार्धात जाग येते का, नितंबात दुखतं का, हालचालीने बरं वाटतं का, सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी घेतल्यावर ४८ तासांत फरक पडतो का, आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी कुणाला याच गटातला आजार आहे का, कधी एखादा सांधा सुजला होता का, टाचेत किंवा स्नायूबंध हाडाला चिकटतो अशा जागी दुखतं किंवा पूर्वी दुखायचं का, आणि अंगावर सोरायसिस आहे किंवा होता का. चार किंवा जास्त उत्तरं ‘हो’ आली तर थेट संधिवाततज्ज्ञाकडे पाठवायचं. नेमकी तीन आली तर एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी करायची आणि ती पॉझिटिव्ह आली तर पाठवायचं. पाच मिनिटांचं काम आहे. गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटं मिळत नाहीत हेही खरं, म्हणून रुग्णाने ही उत्तरं कागदावर लिहूनच न्यावीत.

त्या गोळीचा मुद्दा जरा उलगडून सांगायला हवा, कारण सर्वाधिक वर्षं तिथेच वाया जातात. डायक्लोफेनॅक या तशाच वेदनाशामकाचं इंजेक्शन घेतलं की या रुग्णाला झटकन, जवळजवळ जादूसारखं बरं वाटतं. मग डॉक्टरही निश्चिंत आणि रुग्णही. आठ दिवसांनी पुन्हा इंजेक्शन. खरं तर हा झटकन मिळणारा आराम हाच पुरावा आहे की आत सूज आहे. पण आपण त्याला ‘गुण आला’ म्हणतो. पुढे माणूस मेडिकलमधून स्वतःच पट्टी आणतो, दुखेल तेव्हा अर्धी-एक गोळी घेतो, आणि डॉक्टरांपुढे जातो तेव्हा नेमका बरा असतो. याहून वाईट म्हणजे कागदाच्या पुड्यांतून मिळणारी नाव नसलेली पावडर. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. पोटातून घेतलेल्या स्टेरॉइडचा या आजारात मणक्याला फारसा उपयोग नाही. हाडं मात्र ठिसूळ होतात, आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचण्याचा धोका वाढतो.

उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून कमरेला पाय लावून घेणं वगैरे प्रकार अजून चालतात. नुसता पाय लावला तर निदान नुकसान काही नाही. सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान कडकन मोडून घेणं मात्र या रुग्णाने कायमचं बंद करावं. का ते शेवटी येईल.

दुसरं ठिकाण रक्ततपासणीचं. ‘संधिवात आहे का बघू’ म्हणून आरए फॅक्टर लिहिला जातो, तो निगेटिव्ह येतो आणि ‘तुम्हाला वात नाही’ असं सांगून विषय मिटतो. आरए फॅक्टर ही आमवाताची तपासणी आहे, या आजारात ती निगेटिव्हच येणार. जोडीला युरिक अॅसिड तपासतात. त्याचा इथे संबंधच नाही, पण ते थोडं वर आलं की डाळी बंद होतात. ईएसआर आणि सीआरपी हे अंगातली सूज दाखवणारे रक्ताचे आकडे उपयोगाचे आहेत, वर असले तर. नॉर्मल असले तर त्यांनी काहीच ठरत नाही, कारण या आजाराच्या बऱ्याच रुग्णांमध्ये, काही अभ्यासांत निम्म्यापर्यंत, ते नॉर्मल असतात. ‘रिपोर्ट क्लिअर आहेत, मग पोरगं नाटक करतंय’ असा निष्कर्ष काढणारी घरं कमी नाहीत.

तिसरं ठिकाण एक्स-रे आणि एमआरआयचं. एक्स-रे हाडात झालेली मोडतोड दाखवतो, चालू असलेली सूज नाही. ती मोडतोड दिसण्याजोगी व्हायला काही वर्षं लागतात. १९८४ चे सुधारित न्यूयॉर्क निकष एक्स-रेवरच उभे आहेत: दोन्ही एसआय सांध्यांत किमान दुसऱ्या श्रेणीचे बदल, किंवा एका सांध्यात तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचे. म्हणजे त्या निकषांत बसेपर्यंत थांबायचं ठरवलं, तर उशीर नियमातच लिहिलेला होता. २००९ मध्ये नवे निकष आले तेव्हा एमआरआयवर दिसणारी सूज त्यात धरली गेली, त्यामागे हेच कारण होतं. दुसऱ्या श्रेणीचे बदल ओळखण्यात निष्णात रेडिओलॉजिस्टांचंही एकमत होत नाही. त्यातून पोटातल्या गॅसच्या सावल्या नेमक्या याच सांध्यांवर पडतात.

आणि एमआरआय काढला जातो तो कशाचा? कमरेच्या मणक्याचा, ‘एलएस स्पाइन’. त्यात एसआय सांधे एक तर येतच नाहीत किंवा कडेला अर्धवट येतात. वर भर म्हणजे त्यात चकती थोडी फुगलेली दिसते आणि मग सगळा दोष तिच्यावर जातो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा विशीतल्या लोकांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या एमआरआयमध्ये फुगलेली चकती आढळली होती. म्हणजे रिपोर्टमधली ‘डिस्क बल्ज’ खरी असेल, पण दुखण्याचं कारण ती असेलच असं नाही. या एका गफलतीपायी चकतीच्या शस्त्रक्रियेपर्यंत गेलेले रुग्ण असतात. टाके निघतात आणि पहाटेचं दुखणं जिथल्या तिथे राहतं.

त्यामुळे शंका असेल तर चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावं: दोन्ही एसआय सांध्यांचा एमआरआय, त्रिकास्थीच्या लांबीला समांतर तिरक्या छेदांत, टी-१ आणि स्टर या दोन्ही प्रकारच्या प्रतिमांसह. स्टरमध्ये चरबीची चमक दाबली जाते आणि हाडाच्या आतली ताजी सूज पांढरी उठून दिसते. टी-१ मध्ये जुन्या खुणा दिसतात, म्हणजे सांध्याची कुरतडलेली कड आणि सूज गेल्यावर तिथे जमलेली चरबी. रंगद्रव्याचं इंजेक्शन सहसा लागत नाही. चिठ्ठीवर ‘सॅक्रोइलायटिसची (एसआय सांध्याच्या सुजेची) शंका’ हे शब्द आणि वय असलं तरी रेडिओलॉजिस्ट वेगळ्या नजरेने बघतो. जुन्या फिल्म फेकू नयेत. चार वर्षांपूर्वी ‘नॉर्मल’ म्हटलेल्या एक्स-रेमध्ये आज जाणकार डोळ्यांना सुरुवात सापडू शकते. पंचविशीतल्या माणसाच्या रिपोर्टात ‘ऑस्टिओफाइट’ (मणक्याच्या कडेला वाढलेला हाडाचा काटा) लिहिलेलं असेल तर फिल्म संधिवाततज्ज्ञाला दाखवावी: झिजेचा काटा आडवा बाहेर येतो, या आजाराचा उभा वाढून पुढच्या मणक्याला गाठू पाहतो.

एचएलए-बी२७ बद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. ही जनुकाची तपासणी आहे, आजाराची नाही. १९७३ मध्ये तिचा या आजाराशी संबंध उघड झाला आणि युरोपीय रुग्णांत ती सुमारे ९० टक्क्यांमध्ये पॉझिटिव्ह सापडली. पण उलट बाजूने पाहिलं तर बी२७ असलेल्या शंभर लोकांतल्या दोन ते पाच जणांनाच आजार होतो. म्हणून लक्षणं नसलेल्या धाकट्या भावाची तपासणी करून त्याला उगाच घोर लावू नये. आणि लक्षणं असताना निगेटिव्ह आली म्हणून फाइल बंद करू नये.

बायकांच्या बाबतीत उशीर आणखी वाढतो. ‘हा पुरुषांचा आजार’ असं जुन्या पुस्तकांतून शिकवलं गेलं, आणि डॉक्टरांची एक पिढी त्यावर वाढली. बायकांमध्ये एक्स-रेवरचे बदल सावकाश होतात, मान आणि पाठीचा वरचा भाग जास्त दुखतो, थकवा फार असतो. निदान होतं फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे सुजेशिवायच्या अंगभर दुखण्याचं, किंवा ‘टेन्शन आहे’. बाळंतपणानंतर दुखणं सुरू झालं असेल तर खापर फुटायला जागा तयारच असते: सिझरच्या वेळी कमरेत दिलेलं इंजेक्शन. त्या इंजेक्शनने टोचल्या जागी काही दिवस दुखेल, पण पाच वर्षं पहाटे चारला उठवणारं दुखणं त्याचं नाही. उलट काळजीही इथेच घ्यावी लागते. बाळंतपणानंतर काही महिने निरोगी बाईच्या एसआय सांध्यांतही एमआरआयवर सूज दिसू शकते, पळणाऱ्या खेळाडूंमध्येही दिसते. नुसत्या एमआरआयच्या एका ओळीवर आयुष्यभराचा शिक्का मारणं हीसुद्धा चूकच, आणि हल्ली ती वाढते आहे.

मुलांमध्ये तर कंबर दुखतच नाही, निदान सुरुवातीला नाही. बारा-चौदा वर्षांच्या मुलाची टाच दुखते, गुडघा सुजतो, खुबा आखडतो. टाचेला ‘हाड वाढलंय’ आणि गुडघ्याला ‘खेळताना लागलं असेल’ अशी उत्तरं मिळतात. उशिराची सगळ्यात मोठी किंमत खुबा देतो, आणि आपल्याकडच्या रुग्णांत, विशेषतः किशोरवयात आजार सुरू झालेल्यांत, खुब्याचा सहभाग बराच असतो. खुणा घरातच दिसतात. मांडी घालून बसता येत नाही, एक गुडघा वर राहतो. उकिडवं बसणं सुटतं. मोजे घालताना पाय जवळ येत नाही, पायाची नखं दुसऱ्या कुणाकडून कापून घ्यावी लागतात. पाय आतल्या बाजूला वळणं सहसा लवकर जातं. पंचविशी-तिशीत दोन्ही खुबे बदलायची वेळ आलेला तरुण बघितला की मागे विचारावं, टाच कधी दुखायला लागली होती? उत्तर दहा-बारा वर्षांपूर्वीचं असतं. शिवाय इतक्या लहान वयात बसवलेला कृत्रिम सांधा आयुष्यभर पुरेल याची खात्री नसते. पुढे तो पुन्हा बदलावा लागू शकतो, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते.

आपल्याकडे क्षयाचं वेगळं प्रकरण आहे. मणक्याचा क्षय इथे खरोखर आढळतो, त्यामुळे त्याची शंका घेणं बरोबरच. चूक होते ती पुराव्याशिवाय एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू करण्यात. मणक्याच्या क्षयाची औषधं वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतात, यकृताला त्रास देतात, आणि तेवढा सगळा काळ खरा आजार मोकळा राहतो. एक ढोबळ खूण अशी की क्षय किंवा दुसरा जंतुसंसर्ग एसआय सांध्यात शिरला तर तो जवळजवळ नेहमी एकाच बाजूला असतो, दोन्ही सांधे सारखे सुजलेले असतील तर संसर्गाची शक्यता फार कमी. ताप, वजन घटणं, मणक्याशेजारी पू साचलेला दिसणं या गोष्टी क्षयाकडे बोट दाखवतात. जमेल तिथे सुईने नमुना घेऊन तपासल्याशिवाय औषधं सुरू होऊ नयेत. उलटा गोंधळही होतो: या आजारात पुढे जुळून एकसंध झालेल्या मणक्यात एखाद्या पातळीवर बारीक फ्रॅक्चर होऊन ते न सांधता हलत राहिलं, तर एमआरआयवर ते हुबेहूब क्षयासारखं दिसतं. याला अँडरसन लेजन म्हणतात.

आता या वर्षांत आत काय होतं ते. सूज असते स्नायूबंध हाडाला चिकटतो त्या जागी. ती आधी हाड खाते. मग शरीर दुरुस्ती करायला जातं आणि नको तिथे नवं हाड घालतं. दोन मणक्यांच्या कडांवरून उभे पूल वाढतात, एसआय सांधे बुजून एकसंध होतात, आणि शेवटी एक्स-रेवर बांबूच्या पेरांसारखा दिसणारा कणा तयार होतो. सगळ्यांचं इथपर्यंत जात नाही. पुरुष, सीआरपी सतत वर, सिगारेट-बिडीची सवय आणि आधीच एक-दोन पूल तयार झालेले, अशांचं जास्त जातं. औषधं सूज उतरवतात, घातलेलं हाड विरघळवत नाहीत. उशिराचा सगळा हिशेब या एका गोष्टीत आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन रोखणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांमध्ये कणा जुळण्याची गती कमी दिसली, पण ज्यांना ती सुरू व्हायला दहा वर्षांहून जास्त उशीर झाला होता त्यांच्यात जुळणं जास्त पुढे गेलं.

गंमत म्हणावी तर अशी की बाहेरून हाड वाढत असताना आतून तेच हाड पोकळ होत असतं. सततची सूज, कमी हालचाल, कुणाला पुड्यांतलं स्टेरॉइड, यांनी हाडं ठिसूळ होतात. आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी कमरेच्या मणक्यांवर केली तर बाहेरच्या पुलांमुळे आकडा चांगला येतो, कधी नॉर्मलपेक्षाही जास्त. म्हणून जुन्या रुग्णात घनता खुब्याची बघावी. खुबा बदललेला असेल तर मनगटाजवळच्या हाडाची.

किती ताठरपणा आला आहे हे मोजायला शिंप्याची टेप पुरते. उभं राहून पाठीच्या खालच्या दोन खळ्या जोडणाऱ्या रेषेवर मध्यभागी खूण करायची, तिच्या वर १० सेंटिमीटर आणि खाली ५ सेंटिमीटर अशा आणखी दोन. गुडघे न वाकवता पुढे जास्तीत जास्त वाकायचं. वरच्या आणि खालच्या खुणेतलं १५ चं अंतर निरोगी तरुणात २० च्या आसपास किंवा वर जातं. दुसरी मोजणी छातीची: स्तनाग्रांच्या थोडं वर टेप गुंडाळून पूर्ण श्वास सोडून आणि पूर्ण घेऊन फरक बघायचा, ५ सेंटिमीटर चांगला, २.५ पेक्षा कमी म्हणजे बरगड्यांचे सांधे धरलेत. तिसरी भिंतीची: टाचा आणि पाठ भिंतीला लावून, हनुवटी नेहमीच्या पातळीवर ठेवून डोकं मागे टेकवायचं. टेकलं तर शून्य. न टेकलं तर किती सेंटिमीटर उरतं ते तारखेसकट लिहून ठेवायचं. हात जमिनीला टेकतात की नाही ही कसोटी फसवी आहे, कारण खुबे मोकळे असले तर कंबर अजिबात न वाकवताही हात खाली पोचतात.

डोळ्याचं वेगळं. या आजाराच्या साधारण चौघांतल्या एकाला कधी ना कधी युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, होतो. एकच डोळा अचानक लाल, आतून ठणका, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं. ‘डोळे आलेत’ समजून मेडिकलमधले थेंब टाकले जातात. डोळे येतात तेव्हा चिपडं येतात आणि बहुधा दोन्ही डोळे धरतात. यात चिपडं नसतात आणि दुखतं जास्त. स्लिटलॅम्प या नेत्रतज्ज्ञाच्या यंत्रावर बघून स्टेरॉइडचे आणि बाहुली मोठी करणारे थेंब लगेच सुरू झाले नाहीत तर बाहुली मागच्या भिंगाला चिकटते, आणि वारंवार असं झालं की मोतीबिंदू, काचबिंदू. एक दिवसाच्या आत नेत्रतज्ज्ञ गाठावा. हाच डोळा निदानाची वाटही असू शकतो: डब्लिनमधल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा युव्हायटिसच्या सुमारे ४० टक्के रुग्णांत न ओळखलेला स्पाँडिलोआर्थ्रायटिस निघाला. नेत्रतज्ज्ञाने ‘कंबर दुखते का?’ एवढं विचारलं तरी दोन-तीन वर्षं वाचतील.

उपचार वेळेवर सुरू झाले तर क्रम साधा आहे. आधी वेदनाशामक, पण पूर्ण मात्रेत आणि नियमित, दुखेल तेव्हा अर्धी नव्हे. उदाहरणार्थ नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. पोट, किडनी, रक्तदाब बघून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. एकाने दोन आठवड्यांत भागलं नाही तर दुसरं, असे एकूण चार आठवडे. मेथोट्रेक्सेट मणक्याच्या दुखण्यावर चालत नाही, सल्फासॅलाझिन हातापायांच्या सांध्यांपुरतं. तरीही कंबरदुखीला वर्षानुवर्षं मेथोट्रेक्सेट चालू असलेले रुग्ण दिसतात. हाही एक उशीरच, निदान झाल्यानंतरचा. चार आठवड्यांनंतरही आजार चढा असेल तर अडालिमुमॅबसारखं टीएनएफ रोधक, ४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी, किंवा सेक्युकिनुमॅब, १५० मिलिग्रॅम, पहिले पाच डोस आठवड्याला एक आणि मग महिन्याला. टोफासिटिनिबसारख्या गोळ्याही आहेत, मात्र वय जास्त, हृदयविकार, धूम्रपान किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर जपून. यातलं काहीही सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, सुप्त क्षयाची तपासणी आणि हिपॅटायटिस बी-सी हवंच. सुप्त क्षय निघाला तर आधी त्याची प्रतिबंधक औषधं, आणि साधारण महिनाभराने ही. खर्च वाटतो तितकाच असेल असं नाही. अडालिमुमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती २०१४ च्या डिसेंबरपासून बाजारात आहे आणि टोफासिटिनिबच्या जेनेरिक गोळ्या त्याहून खूपच स्वस्त पडतात.

व्यायाम औषधाइतकाच, आणि तोही मागे वाकण्याचा, कारण आजार पुढे वाकवतो. रोज १५-२० मिनिटं पालथं झोपणं, पातळ उशी, न खचणारी गादी, भिंतीला टेकून ताठ उभं राहणं, दीर्घ श्वास, जमलं तर पोहणं. सांधे जुळणारच असतील तर सरळ स्थितीत जुळावेत हाही त्यात हेतू असतो. कुबड आलेल्या अवस्थेत कणा जुळला की समोर बघायला गुडघे वाकवावे लागतात, आणि मग मणक्यातून पाचरीसारखा तुकडा काढून तो सरळ करण्याची मोठी शस्त्रक्रिया उरते.

आणि आता ती मान. जुळलेला कणा म्हणजे लांब पोकळ नळी. बाथरूममध्ये घसरणं, स्कूटरवरून हलकंसं पडणं, मागून गाडीचा धक्का, एवढ्याने तो मोडतो, बहुतेकदा मानेच्या खालच्या भागात. आणि आरपार मोडतो, त्यामुळे दोन्ही तुकडे मोकळे हलतात आणि मज्जारज्जू सापडतो. साध्या एक्स-रेवर हे फ्रॅक्चर निसटतं, सीटी स्कॅन लागतो. ताठ कण्याच्या माणसाला पडल्यावर नवं दुखणं सुरू झालं, किंवा अचानक मान पूर्वीपेक्षा वेगळ्या कोनात आली, तर ते फ्रॅक्चर नाही असं सीटीने ठरेपर्यंत ते फ्रॅक्चरच धरायचं. उचलणारे लोक नेहमीच्या सवयीने त्याला पाठीवर सपाट झोपवून मान सरळ करतात, आणि चालत आलेला माणूस त्या सरळ करण्यात लुळा पडू शकतो. त्याची मान आधी जशी वाकलेली होती तशीच ठेवून, डोक्याखाली लागतील तेवढ्या उशा-चादरी भरून न्यायचं. भूलतज्ज्ञालाही आधीच सांगावं लागतं, कारण मान मागे जात नसेल तर श्वासनलिकेत नळी घालायला दुर्बीण लागते आणि कमरेतून भूल देणं अनेकदा जमतच नाही. म्हणून पाकिटात आणि मोबाइलच्या लॉकस्क्रीनवर एक ओळ असावी: ‘मणका जुळलेला आहे, मान सरळ करू नका.’ ज्याच्या फाइलवर अजूनही ‘मणक्यात गॅप’ एवढंच लिहिलेलं आहे, त्याच्या पाकिटात ही ओळ नसते.